मनाली ते लेह: उंचावरचा रस्ता आणि बंद पडलेली गाडी

मनालीहून लेहला जाणारा रस्ता हिमाचल प्रदेशातील लाहौलमधून लडाखमध्ये उतरतो. पूर्वी तो सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा होता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगची चढण टळून हे अंतर ४६ किलोमीटरने घटले. तरीही बारालाचा ला, नकी ला, लाचुंग ला आणि टांगलांग ला या चार खिंडी चढाव्या लागतातच. टांगलांग लाची उंची ५,३२८ मीटर आहे. रस्ता साधारण मे-जूनमध्ये खुला होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फाखाली जातो. दारच्यापासून ग्या-रुमत्सेपर्यंतच्या लांब पट्ट्यात बारमाही गाव जवळजवळ नाही. हंगामापुरते तंबू, लष्कराच्या छावण्या आणि रस्त्यावरच्या मजुरांच्या वस्त्या तेवढ्या दिसतात. पुण्या-मुंबईहून दर उन्हाळ्यात येथे येणाऱ्या मोटारी आणि मोटरसायकली समुद्रसपाटीच्या किंवा फार तर सह्याद्रीतील घाटांच्या हवेला सरावलेल्या असतात. त्यामुळे या वाटेवर गाडी बिघडणे हा निव्वळ नशिबाचा भाग नाही. बहुतेक बिघाडांमागे उंची, थंडी आणि पाणी ही तीन कारणे असतात, आणि तिन्ही आधी ओळखता येतात.

ही वाट मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. लडाख आणि तिबेटच्या पठारावरची लोकर, मीठ व टाकणखार खाली येई; कुलूकडून धान्य आणि कापड वर जाई. हा माल तट्टांवर लादला जाई, तसाच मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवरच्या छोट्या पिशव्यांतूनही जाई. १८२० साली विल्यम मूरक्रॉफ्ट आपला सहकारी जॉर्ज ट्रेबेक याच्यासह कुलूहून रोहतांग व बारालाचा ओलांडून लेहला पोहोचला. मूरक्रॉफ्ट मूळचा पशुवैद्य होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडपैदास केंद्राची जबाबदारी त्याच्याकडे होती आणि उत्तम घोड्यांच्या शोधात तो मध्य आशियाकडे निघाला होता. पुढे १८७० मध्ये ब्रिटिश सरकार आणि काश्मीरचे महाराज रणबीर सिंह यांच्यात व्यापारी करार झाला. त्यानुसार लाहौलच्या सीमेपासून लडाखमार्गे यारकंदच्या दिशेने जाणारा मार्ग व्यापाऱ्यांना खुला ठेवण्याचे ठरले. तांड्यांचे सारे गणित मुक्कामांवर बसवलेले असे. चारा आणि पाणी कोठे मिळेल, जनावराला विसावा कोठे द्यायचा आणि कोणत्या महिन्यानंतर खिंड चढायची नाही, हे ठरल्याशिवाय तांडा हलत नसे.

१९४८ मध्ये लेहवर संकट आले तेव्हा मनालीकडून सैन्याची मदत याच वाटेने, पायी आणि खेचरांच्या साथीने गेली. १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि १९६२ च्या युद्धानंतर या भागातील रस्त्यांच्या कामाला वेग आला. सामान्य प्रवाशांना मनाली-लेह रस्ता १९८९ पासून मिळाला. कारगिल युद्धात श्रीनगर-लेह रस्ता तोफांच्या माऱ्याखाली आला तेव्हा या दुसऱ्या रस्त्याचे मोल साऱ्या देशाला कळले. आज लडाखच्या बाजूला संघटनेचा ‘हिमांक’ प्रकल्प बर्फ हटवण्यापासून पूल उभारण्यापर्यंतची कामे करतो. बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला पुष्कळदा याच लोकांचे बुलडोझर आणि क्रेन धावून येतात.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर तांडी येते. येथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो आणि पुढे ती चंद्रभागा, म्हणजेच चिनाब, होते. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा तांडीच्या पेट्रोल पंपावरचा फलक अनेक वर्षांपासून प्रवाशांच्या परिचयाचा आहे. टाकी येथे काठोकाठ भरावी आणि गाडीची तपासणीही येथे किंवा केलाँगलाच उरकावी. इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी, फॅन बेल्टला गेलेले तडे, बॅटरीची टर्मिनले, स्टेपनीतली हवा, मोटरसायकल असेल तर चेन आणि क्लच केबल, या साऱ्या गोष्टी अर्ध्या तासात पाहून होतात. खालून भरून आणलेल्या हवेकडे विशेष लक्ष द्यावे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. तेथे भरलेल्या टायरचा दाब टांगलांग लावर गेजमध्ये सुमारे ४ पीएसआयने जास्त दिसू शकतो, कारण बाहेरच्या हवेचा दाब उतरलेला असतो. थंडीमुळे ही वाढ थोडी कमी भरते. फार फुगलेला टायर खडीवर लवकर फाटतो. म्हणून दाब सकाळी, टायर गार असताना पाहावा आणि कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणावा.

दारच्यानंतर खरी चढण लागते. झिंगझिंग बार मागे पडते, सूरज ताल दिसतो आणि सुमारे ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड येते. या टप्प्यात पाण्याशी गाठ पडते. हिमनद्या व बर्फ दिवसभराच्या उन्हाने वितळतात. सकाळी घोट्याइतका असलेला नाला दुपारनंतर गुडघ्याच्या वर जातो आणि त्याच्या तळाशी दगड गडगडत असतात. नाले ओलांडण्याची वेळ म्हणजे सकाळ. पाण्यात गाडी घालण्यापूर्वी समोरून येणारी गाडी कोठून जाते ते पाहावे. मग पहिल्या गिअरमध्ये, एकाच गतीने, मध्ये क्लच न दाबता आणि गिअर न बदलता पार व्हावे. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी मारण्याचा मोह आवरावा. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका चावीने हजारांचे काम लाखांवर जाते. गाडी आधी टोचन करून बाहेर काढावी. मग एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल तर प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर टाकल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

नाल्यातला दगड लागून ऑइलचे चेंबर फुटणे हाही येथला नेहमीचा अपघात आहे. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की त्याच क्षणी इंजिन बंद करावे. बारीक चीर असेल तर उरलेले ऑइल काढून, ती जागा पेट्रोलने पुसून, पूर्ण कोरडी करून त्यावर एम-सील दाबून बसवतात. ते घट्ट होईपर्यंत थांबून नवे ऑइल भरले की गाडी पुढच्या मुक्कामापर्यंत येऊ शकते. त्यासाठी जास्तीचे ऑइल आणि एम-सीलच्या दोन कांड्या आधीपासून सामानात असाव्या लागतात.

सरचू ४,२९० मीटरवर आहे आणि तेथील रात्र गाडीची परीक्षा घेते. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल दाटते. साध्या डिझेलमध्ये मेणाचे कण धरू लागले की ते फिल्टरमध्ये अडकतात आणि सकाळी इंजिन नुसते फिरत राहते, सुरू होत नाही. टाकीखाली स्टोव्ह किंवा जाळ धरण्याची ट्रकवाल्यांची रीत धोक्याची आहे. अनुकरण करण्याजोगी नाही. नव्या डिझेल गाड्यांत रॉकेल मिसळणे इंजेक्टरला मारक ठरते. गाडीचे तोंड सकाळच्या उन्हाकडे करून लावणे, टाकी भरलेली ठेवणे आणि ऊन चढेपर्यंत धीर धरणे हे उपाय साधे आणि निर्धोक आहेत. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणले, पण मैदानी भागातून भरून आणलेल्या टाकीत ते नसते. बीएस-६ डिझेल गाड्यांतील युरियाचे द्रावणही उणे ११ अंशांच्या आसपास गोठते. हंगामाच्या दोन्ही टोकांना हे लक्षात ठेवावे लागते.

सरचूनंतर गाटा लूप्स लागतात. एका उघड्या डोंगराच्या अंगावर एकवीस वळणे चढत जातात. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे येथे जवळपास निम्मी ताकद उरलेली असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळते. ती काळा धूर सोडते आणि प्लगवर काजळी धरते. प्लग काढून तारेच्या ब्रशने घासला किंवा नवा घातला की ती पुन्हा धावू लागते. मोटारीचा क्लच मात्र असा सहज वाचत नाही. ताकद कमी पडते म्हणून चालक वळणावर हाफ क्लचवर गाडी ओढतो. थोड्या वेळाने जळक्या प्लेटचा वास येतो आणि इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी पुढे सरकेनाशी होते. वास आला की थांबावे, अर्धा तास गार होऊ द्यावे, ओझे दुसऱ्या गाडीत हलवावे आणि पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडून चढावे. रेडिएटरचेही तसेच. टांगलांग लाच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ८२-८३ अंशांनाच उकळते. रेडिएटरमधले कूलंट दाबाखाली असते म्हणून टिकते, आणि म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले सारे उसळून हातातोंडावर येते.

या वळणांवर एक छोटे देऊळवजा स्थान आहे. त्याभोवती पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचा ढीग साचलेला असतो आणि त्यात सिगारेटीही ठेवलेल्या असतात. ट्रकवाल्यांमध्ये त्याची कथा सांगितली जाते. हंगामाच्या अखेरीस एक ट्रक येथे बंद पडला. चालक मदत आणायला पायी गेला आणि क्लीनर मालाची राखण करत मागे राहिला. बर्फ पडले, रस्ता बंद झाला आणि क्लीनर तहानेने व थंडीने तेथेच गेला. म्हणून येणारे-जाणारे त्याला पाणी वाहतात. या कथेचा कागदोपत्री पुरावा शोधण्यापेक्षा तिच्यातला धडा घेणे महत्त्वाचे आहे: हंगाम संपत आल्यावर या वाटेला लागू नये, सोबत्यांनी एकमेकांपासून वेगळे होऊ नये आणि बर्फ सुरू झाले तर गाडी व माल सोडून, मिळेल त्या वाहनातून सर्वांनी मिळून निघावे.

नकी ला आणि लाचुंग ला ओलांडून पांग येते. येथे लष्कराची छावणी आणि ढाब्यांचे तंबू आहेत. पंक्चर, टोचन, प्राणवायू किंवा निरोप धाडणे, यांपैकी काहीही हवे असेल तर या टप्प्यातला मोठा आधार पांगचाच. पुढे मोरे मैदान सुमारे ४० किलोमीटर सपाट पसरलेले आहे. डांबर सोडून मैदानात गाडी घालण्याची इच्छा अनेकांना होते. तेथील भुसभुशीत मातीत चाके रुततात आणि चांगपा पशुपालकांची आधीच विरळ असलेली कुरणेही चिरडली जातात. चाक रुतलेच तर ॲक्सिलरेटर दाबून ते आणखी खोल घालू नये. टायरमधली हवा कमी करावी, चाकापुढची माती काढावी, पायपुसणी किंवा सपाट दगड खाली घालावेत आणि हळूच बाहेर यावे. नंतर हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप सामानात हवाच.

टांगलांग लाचा उतार रुमत्से आणि ग्याकडे नेतो. येथे बिघडतात ते ब्रेक. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले की पॅड तापतात, ओलावा धरलेले जुने ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढण चढली, त्याच गिअरमध्ये ती उतरावी. इंजिनच गाडीला धरून ठेवते. गिअर काढून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे जीव टांगणीला लावणे. उपशीला सिंधू नदी भेटते, कारूला पेट्रोल मिळते आणि लेहमध्ये मेकॅनिक व सुटे भाग दोन्ही मिळतात.

मध्येच गाडी थांबली तर करायच्या गोष्टींनाही क्रम आहे. आधी गाडी वळणावरून आणि दरड येण्याच्या जागेवरून हलवावी, हॅझर्ड दिवे लावावेत, हँडब्रेक ओढून चाकांमागे दगड द्यावेत. हे दगड निघताना रस्त्यातून बाजूला करावेत. नंतर माणसांकडे पाहावे. डोके दुखणे, मळमळ, पाय अडखळणे ही उंचीच्या आजाराची लक्षणे आहेत. अशा माणसाला दुरुस्तीची वाट न पाहता पहिल्या वाहनाने खाली पाठवावे, सोबतीला कोणीतरी द्यावे. मोबाइलची रेंज वाटेवर बराच काळ नसते आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात बेकायदा आहे, म्हणून निरोप माणसांमार्फतच जातो. जाणाऱ्या ट्रकचालकाला गाडीचा क्रमांक, ठिकाण, बिघाड आणि हवा असलेला सुटा भाग कागदावर लिहून द्यावा. तोंडी निरोप वाटेत बदलतो.

आता दारच्याहून शिंकू लामार्गे पदुम आणि निम्मूला जाणारा दुसरा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला आहे. रस्ते वाढतील, बोगदे होतील, पण हवेचा दाब आणि नाल्याची वेळ बदलणार नाही. म्हणून महाराष्ट्रातून या वाटेला निघणाऱ्यांनी दोन गाड्यांनी मिळून जावे, एक दिवस राखीव ठेवावा, नाले सकाळी ओलांडावेत आणि वाटेत कोणाचीही गाडी थांबलेली दिसली तर आपली थांबवून विचारपूस करावी. पुढचा मदतनीस किती वेळाने येईल, हे या रस्त्यावर कोणालाच सांगता येत नाही.