शेजाऱ्याचे भय

आमच्या तापीच्या वरच्या अंगाला काकरापारचे अणुवीज केंद्र उभे आहे. त्यामुळे अणूविषयीचे दूरदेशीचे मतभेदही आम्हा सुरतकर मराठी मंडळींना अगदीच परके वाटत नाहीत. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अण्वस्त्रधारी फ्रान्सने भारतावर निर्बंध लादले नाहीत. २००८मध्ये अणुपुरवठादार गटात भारतास सवलत देण्यास ऑस्ट्रिया व आयर्लंड मात्र कचरत होते. प्रणव मुखर्जींनी चाचण्या न करण्याच्या स्वेच्छानिर्धाराचा पुनरुच्चार केल्यावरच ती मिळाली. हाच भेद युरोपच्या सामायिक संरक्षणातही आडवा येतो. एकास अण्वस्त्र ढाल वाटते, दुसऱ्यास संकट. २०१७चा अण्वस्त्रबंदी करार ऑस्ट्रिया-आयर्लंडने स्वीकारला, फ्रान्सने नाकारला. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहून आम्ही एवढे जाणतो, की शेजाऱ्याचे भय ऐकून घेतल्याविना शेजार निभत नाही.