चाळीस किलोचा सर्व्हो

तर झालं असं, मंडळी, की संक्रांतीला दोंडाईचाला मामांकडे गेलो. सोबत बायको, पोरगी आणि डिकीत माझी १/५ स्केलची पेट्रोल आरसी गाडी. (बायकोच्या मते माझ्या लेखी हा क्रम उलटा आहे. असो.)

खेळणं म्हणू नका. दहा-बारा किलो वजन, २६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. स्टिअरिंग गेलं की सुटलेला धोंडाच.

मागच्या खेपेला नांगरलेल्या रानात ढेकळावर चाक आपटून स्टिअरिंगच्या सर्व्होचे गिअर गेले होते. नवा घेताना मी एकच आकडा पाहिला: ४० किलो-सेंटीमीटर. म्हणजे शाफ्टपासून १ सेंमीवर ४० किलोचा जोर. २ सेंमीचा आर्म लावला की तोच २० किलो. मेटल गिअर आहेत, झालं, घेतला! जुना आर्म मात्र बसेना. जुन्या शाफ्टला २४ दाते, नव्याला २५. ठोकून बसवायचा मोह आवरला आणि २५ दात्यांचा आर्म आणला.

मामांच्या खळ्याजवळ गाडी काढली. तीन वळणं मस्त. चौथ्याला ती वळलीच नाही. समोर वाळत घातलेल्या मिरच्या, आणि मिरच्यांपलीकडे पोरगी बसलेली. रिमोट नुसता हातात. गाडी मिरच्यांच्या ढिगात घुसून थांबली, पोरीपासून पाच-सहा फुटांवर.

मी लगेच सिग्नलला दोष दिला. (आमच्या धंद्यात नेटवर्कला देतात तसा.) मामांनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. सर्व्होकडे बघून एवढंच विचारलं, "हाऊ करंट कोठून लेस रे भो?"

इंजिन बंद ठेवून त्यांनी चाकं हातांनी घट्ट धरली, मला स्टिअरिंग फिरवायला लावलं आणि बॅटरीला लावलेल्या मीटरकडे बोट दाखवलं. ६ व्होल्टचा जुना पॅक ४ च्याही खाली! सर्व्हो अडला की कित्येक अँपिअर ओढतो. रिसीव्हर त्याच बॅटरीवर, तो बिचारा झोपी जातो. स्टार्टर मोठा लावायचा आणि बॅटरी जुनीच ठेवायची, असला प्रकार.

पुण्याला येऊन सगळं परत केलं. दोन सेलची लिथियम बॅटरी घातली. ती फुल चार्ज असताना ८.४ व्होल्ट देते, म्हणून आधी रिसीव्हर आणि थ्रॉटलचा सर्व्हो तेवढं सोसतात का ते पाहिलं. सोसत नसतील तर मध्ये पुरेसे अँपिअर देणारा रेग्युलेटर हवा. मग ट्रिम शून्यावर आणून रिमोट आणि रिसीव्हर चालू केले, सर्व्होला स्वतःहून मध्यावर येऊ दिलं आणि तेव्हाच आर्म बसवला. २५ दात्यांत एक दाता म्हणजे १४.४ अंश, उरलेला फरक लिंकच्या आट्यांनी काढायचा. शेवटी एंड पॉइंट कमी केले, म्हणजे चाक टोकाला टेकल्यावर सर्व्हो उगाच रेटत बसत नाही.

फेलसेफही ब्रेकवर लावला. पण रिसीव्हरचाच वीजपुरवठा गेला तर फेलसेफ काय करणार? म्हणून व्होल्टेज पडलं की इंजिन बंद करणारा वेगळा किल स्विच बसवला. खरं तर हा मी पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता. सर्व्होच्या किमतीपुढे तो किरकोळ वाटला होता.

मामांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मिरच्यांचे पैसे बाकी आहेत.

गाडी आता सरळ जाते, वळते, थांबते. मी इंजिनाची दोरी ओढली की पोरगी काही न बोलता उंच ओट्यावर जाऊन बसते. मीही काही बोलत नाही.