माणगावचा पुतळा आणि इटलीतलं सूर्यघड्याळ

माणगावच्या तहसील कचेरीत कामाला गेलेल्यांनी तो पुतळा पाहिलाच असेल. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. आपण दाखल्याच्या गडबडीत असतो, पुतळ्याशेजारी उभं राहून फोनवर बोलतो आणि निघतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलंय.

परवा गावच्या ग्रुपवर मी त्यांच्या इटलीतल्या स्मारकाचा फोटो टाकला, तर दोन उत्तरं आली. एक म्हणे, "इंग्रजांसाठी लढले, आपल्याला काय त्याचं?" दुसरा म्हणे, "शत्रूच्या देशात स्मारक? शत्रू तो शत्रू." तिथे लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून इथे लिहितोय.

आधी घडलं काय ते. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. वय 22. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. उरले एकटे घाडगे. ते सरळ त्या मशिनगनवर धावून गेले. बॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपून बसलेल्या नेमबाजाची गोळी लागली आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांचा जीव गेला. त्यांची कबर कुठे आहे ते आजही ठाऊक नाही. कासिनोच्या स्मारकावर, ज्यांना कबर मिळाली नाही अशा चार हजारांहून जास्त नावांत त्यांचं नाव आहे.

शाळेत असताना 26 जानेवारीला मी यावर भाषण केलं होतं. हातात लाठी होती आणि शेवटच्या त्या दोघांच्या वेळी ती अशी काही फिरवली की गुरुजीच मागे सरकले! टाळ्या भरपूर पडल्या. घरी येऊन आजीला परत सगळं करून दाखवलं. तिचा भाऊ पलटणीत होता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या दोघांच्या पण आया असतील ना रे कुठं." मला राग आला होता. हिने टाळी वाजवली नाही म्हणून.

आता मोंतोने. हे पेरुजा भागातलं डोंगरावरचं छोटं गाव. जुलै 2023 मध्ये तिथल्या पालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी घाडग्यांच्या नावाचं स्मारक उभं केलं. पुतळा नाही, चक्क चालतं सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

यात गंमत बघा. घाडग्यांना मारलं ते जर्मनांनी, पण इटलीसुद्धा सप्टेंबर 1943 पर्यंत समोरच्याच बाजूला होती. घाडग्यांचीच बटालियन 1941 मध्ये आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत इटालियन फौजेशी लढली होती. दोन्हीकडचे लोक तिथे मेले. म्हणजे मोंतोनेवाल्यांना हिशेबच काढायचा असता तर काढता आला असता. त्यांनी तो काढला नाही. पण आपले मेलेले ते विसरले, असंही नाही.

आणि इंग्रजांसाठी लढल्याचं म्हणाल, तर खरंच आहे, सत्ता इंग्रजांची होती. पण कोकणातल्या वरकस जमिनीवर किती माणसं पोसली जातात ते आपल्याला कुणी सांगायला नको. पोरं मुंबईला गिरणीत गेली, नाहीतर पलटणीत. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक होते, त्यातले 5,782 तिथेच राहिले. ती माणसं आपली नव्हेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शौर्य कमी करून सांगा असं माझं म्हणणं नाही. त्या उतारावर एकट्याने धावून जाणं माझ्याच्याने झालं नसतं, ग्रुपवर शत्रू शत्रू करणाऱ्यांच्यानेही नसतं. पण मी भाषणात ते दोन जर्मन म्हणजे नुसती बुजगावणी केली होती. कासिनोजवळच जर्मनांचंही कब्रस्तान आहे, वीस हजारांहून जास्त कबरींचं. बरीचशी घाडग्यांच्याच वयाची पोरं असणार.

येत्या 10 जुलैला मी माणगावला जाणार आहे, हार घेऊन. कुणाला यायचं असेल तर सकाळी कचेरी उघडायच्या आत या. आणि कुणाच्या घरी इटलीला गेलेल्या आजोबा-पणजोबांचं पदक, पत्र, फोटो असं काही पेटीत पडलं असेल तर भंगारात देऊ नका. मला कळवा, मी येऊन बघतो.