शेवटचा खेळ

दंगल किंवा हल्ल्यानंतर शहर सावरले की नाही, हे सरकारी निवेदनांवरून कळत नाही. सिनेमाचा शेवटचा खेळ सुटल्यावर माणसे किती निवांत घरी जातात, यावरून कळते. १९९२-९३ची मुंबई आम्ही पाहिली होती. संचारबंदीत रात्रीचे खेळ बंद पडले. पुढे ते सुरू झाले, तरी आमच्या मोहल्ल्यातली माणसे कितीतरी दिवस दिवेलागणीच्या आत घरी परतत होती. म्हणूनच २००२ साली न्यूयॉर्कच्या ट्रायबेका भागात चित्रपट महोत्सव भरवून ओस पडलेली वस्ती जागी करायचे ठरले, तेव्हा हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत राहणाऱ्या आम्हा दोन-तीन कोकणी मुस्लिम कुटुंबांना त्यामागचा हेतू समजावून सांगावा लागला नाही.

ट्रायबेका म्हणजे कॅनाल स्ट्रीटच्या खालचा त्रिकोण. एके काळी इथे लोणी, अंडी, फळे यांच्या घाऊक व्यापाराच्या वखारी होत्या. व्यापार हलला, रिकाम्या वखारींत चित्रकार राहू लागले, मागून चित्रपटवाल्यांची कार्यालये आली. ११ सप्टेंबर २००१ रोजी जवळच जुळे मनोरे कोसळले आणि ही वस्ती धुळीत बुडाली. रस्ते अडवलेले, दुकाने रिकामी, खानावळींत गिऱ्हाईक नाही. तिथेच कामाची जागा असलेले अभिनेते रॉबर्ट डी नीरो, निर्मात्या जेन रोझेंथल आणि क्रेग हॅटकॉफ यांनी जेमतेम चार महिन्यांत महोत्सव उभा केला. ८ ते १२ मे २००२ या पाच दिवसांत तेराशेहून अधिक स्वयंसेवक राबले आणि दीड लाखांवर माणसे आली. उद्घाटनाला नेल्सन मंडेला होते. हिशेब साधा होता. सिनेमाला आलेला माणूस चहा पितो, जेवतो, काहीबाही विकत घेतो. मुख्य म्हणजे, आपण गेलो आणि सुखरूप परत आलो, हे तो घरी जाऊन सांगतो.

आमच्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. हे बोलावणे आम्हालाही आहे का? त्या वर्षी आपले नाव उच्चारतानाही आवाज खाली येत असे. गुजरातच्या बातम्याही ताज्या होत्या. रत्नागिरीहून अम्मीचा फोन आला, “गर्दीत जाऊ नका रे, पोरांना तर नेऊच नका.” तरी आम्ही गेलो. ट्रेड सेंटरखालचे रेल्वे स्टेशन बंद होते, म्हणून लांबच्या स्टेशनावर उतरून चालत गेलो. मुलांसाठी रस्त्यावर जत्रा भरली होती. पिशव्या तपासल्या गेल्या, त्या सगळ्यांच्याच. ओढणी घेतलेल्या आमच्या बायकांकडे काहींनी वळून पाहिले, आणि पुन्हा आपापल्या पोरांमागे धावले. एवढ्यानेही आमच्या छातीवरचा भार उतरला.

पण गोष्ट इथे संपत नाही. याच ट्रायबेकात वेस्ट ब्रॉडवेवर एक छोटी मशीद होती. जुम्म्याला जागा पुरेना, म्हणून २००९ मध्ये पार्क प्लेसवरच्या एका पडीक इमारतीत जमात होऊ लागली. तिथे सभागृह, पोहण्याचा तलाव आणि नमाजची जागा असलेले केंद्र उभारायचा बेत झाला. मे २०१०मध्ये तिथल्या स्थानिक मंडळाने २९ विरुद्ध १ मतांनी त्याला पाठिंबा दिला. मग देशभरातून विरोधाचे वादळ उठले. हल्ल्यात माणसे गमावलेल्या कुटुंबांतही दोन मते होती. त्यांचे दुःख आम्ही नाकारत नाही. पण शेवटी ते केंद्र झालेच नाही. त्या जागी श्रीमंतांच्या घरांचा उंच मनोरा उभा राहिला.

महोत्सव पुढे शहराच्या इतर वस्त्यांतही पसरला. २०२१मध्ये त्याने नावातला ‘फिल्म’ हा शब्दही गाळला. ट्रायबेका आज न्यूयॉर्कमधल्या महागड्या वस्त्यांपैकी एक आहे. म्हणजे वस्ती सावरली, यात शंका नाही. महोत्सव माणसांना परत आणू शकतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मात्र परत आलेल्यांत कुणाला कायमची जागा मिळायची, हे त्या पाच दिवसांत ठरत नाही. ते उरलेल्या तीनशे साठ दिवसांत ठरते.

आपल्याकडेही जुन्या शहरांचे मध्य नव्याने सजवले जात आहेत. तिथे कुणी असा महोत्सव भरवणार असेल, तर आम्ही जरूर जाऊ. फक्त एवढेच मागू, की एक पडदा मोहल्ल्यातही लावा. स्वयंसेवकांत आमच्या मुलींनाही घ्या. तिकिटाचा दर हातगाडीवाल्याला परवडेल असा ठेवा. आणि आमच्या लोकांनाही सांगू, की दारात उभे राहून बोलावण्याची वाट पाहू नका, आत या. शेवटचा खेळ सुटल्यावर आपणही सगळ्यांबरोबर रमतगमत घरी जाऊ.