कांचेच्या समुद्रांतील सेवक

परोपकारी मनुष्याची स्तुति आपण सर्वच करितों. परंतु त्याचें पोट कशावर चालतें, हें पाहणारे विरळा. ही गोष्ट मला एका बोटभर लांबीच्या माशानें शिकविली.

आमच्या पिंगळीपासून समुद्र सुमारें ४०० किलोमीटर दूर. तरीहि माझ्या घरीं खाऱ्या पाण्याची कांचेची टांकी आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. परदेशीं जातांना एका स्नेह्यानें ती आंतील तीन माशांसह मजकडे सोंपविली. त्यांपैकीं एकास इंग्रजींत ‘क्लीनर रास’, म्हणजे सफाई करणारा मासा, असें नांव आहे. निळसर अंग व तोंडापासून शेपटीकडे रुंद होत गेलेला काळा पट्टा, ही त्याची ओळख.

हिंदी व पॅसिफिक महासागरांतील प्रवाळांच्या खडकांत हा आपलें ठाणें मांडून बसतो. मोठमोठे मासे तेथें येऊन तोंड व कल्ले उघडून स्तब्ध राहतात, आणि हा आंत शिरून त्यांच्या अंगावरील उपद्रवी किडे वेंचून खातो. गिऱ्हाईक त्यास सहसा गिळीत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील लिझर्ड बेटाजवळ झालेल्या अभ्यासांत एक मासा दिवसाकांठीं सुमारें १२०० किडे खातो, असें आढळलें. सेवा हेंच त्याचें अन्न होय.

आतां दोनच सोबत्यांच्या अंगावर त्यास इतकें अन्न कोठून मिळावें? बाजारांतील कोरड्या दाण्यांकडे तो ढुंकूनहि पाहीना. त्याचें पोट खपाटीस गेलें. शेवटीं परभणीहून कोळंबी आणून ती बारीक वाटली व एका शिंपल्यास चोपडून टांकींत ठेविली. आठ दिवस तो नुसता प्रदक्षिणा घालीत राहिला; नवव्या दिवशीं त्यानें पहिला घांस टिपला. त्या दिवशीं आमच्या घरांत सण असल्यासारखा आनंद झाला.

पुढें वैशाख आला. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मात्र मागें राहतात. म्हणून टांकींत रोज गोडें पाणीच घालावें लागतें. एके रात्रीं वीज गेली व पंप बंद पडला. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून आम्हीं पाळीपाळीनें तांब्यानें पाणी उंचावरून ओतीत राहिलों, आणि बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेविल्या. पहांटे वीज आली. मासा जिवंत होता.

आज तो दिवसांतून चार वेळां खातो. तरीहि सोबत्यांपाशीं जाऊन त्यांचे कल्ले तपासण्याचा त्याचा उद्योग सुटलेला नाहीं. तेथें वेंचण्याजोगें कांहीं नसतें. ते दोघे कंटाळून दूर पळतात, आणि हा पुन्हां त्यांच्यामागें जातो. हें पाहून माझें मन उदास होतें. त्याचें पोट मीं भरूं शकतों. त्याचें काम त्यास परत देऊं शकत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, असा मासा कोठें मिळतो, असें तुम्हांपैकीं कित्येक मला विचारतात, आणि तुमचे पालकहि कौतुकानें चौकशी करितात. माझें उत्तर एकच आहे. कोणताहि जीव घरीं आणण्यापूर्वीं, तो आपल्या ठिकाणीं काय काम करून जगतो, हें आधीं विचारा. तें काम आपल्या घरीं त्यास मिळणार नसेल, तर त्यास समुद्रांतच राहूं द्या. माझ्या या सोबत्याची सेवा मी शेवटपर्यंत करीन. त्याच्यामागें दुसरा आणणार नाहीं.