शिसं सोडलं

वाहत्या पाण्यात गळ टाकायचा तर जड शिसं हवंच, असं माझं ठाम मत होतं. नेरे गावाहून कासारसाईच्या धरणावर गेलं की हा प्रश्नच येत नाही. तिथलं पाणी थांबलेलं, गांडूळ पडेल तिथंच राहतं. पवना नदीला मात्र धार असते. पवना धरणातलं पाणी नदीतूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. त्यामुळं उन्हाळ्यातही ओढ राहते. आमिष वाहून काठाला लागलं की मी आणखी जड शिसं बांधायचो.

आता अजिबात बांधत नाही. पाणी शिशापेक्षा गळाच्या दोरीला, तंगुसाला जास्त ओढतं, हे ध्यानात आलं आणि मत फिरलं. तळाशी धार मंद असते, जोर असतो तो वर. आणि नदीत आडवं पडलेलं लांब तंगूस नेमकं त्या जोरात सापडतं. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. तंगूस बारीक घ्यावं, वरच्या अंगाला उभं राहून धारेच्या दिशेनंच गळ सोडावा, काठीचं टोक उंच धरावं. थोड्या वजनातही आमिष तळ धरतं.

मग दगडाची कपचीही पुरते. आपला काळा दगड पाण्याच्या जवळपास तिप्पट जड, शिसं अकरापट. पाण्यात १०० ग्रॅम शिशाचा भार नव्वदेक ग्रॅम उरतो, दगडाचा पासष्टच्या आसपास. तोटा आहे, पण गोल शिसं गडगडतं, चपटी कपची बसून राहते. ती मी शिलाईच्या दोऱ्यानं बांधतो. खडकात अडकली तर दोरा तुटतो, गळ हाती येतो.

तुटलेलं शिसं मात्र नदीतच राहतं. ब्रिटनमध्ये ते गिळून राजहंस मरत होते, म्हणून १९८७पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाची विक्री बंद झाली. फक्त अगदी बारीक दाणे वगळले. आपल्या उथळ पाण्यातही हळदीकुंकू बदकं चोच बुडवून चरतात. त्यांच्या पोटात माझं शिसं जावं, हे मला सोसवत नाही.

पावसाळ्यात विसर्ग वाढला की कपची टिकत नाही. अशा दिवसांसाठी मी पूर्वी जड शिसं राखून ठेवायचो. आता त्या दिवसांत गळच टाकत नाही. मासे तेव्हा अंडी घालायला वर चढत असतात.