खूण आणि दार

मराठीत ‘बाहेर’ हा शब्द फार ओझे वाहतो. ‘बाहेर जाऊन येतो’ या वाक्याचा अर्थ ऐकणारा प्रसंगावरून ठरवतो. ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशा’, ‘लघुशंका’, ‘एक नंबर’ अशी शब्दांची एक रांगच आपण या एका देहधर्मासाठी उभी केली आहे आणि तिच्यातला प्रत्येक शब्द मूळ गोष्ट झाकण्यासाठी आहे. शाळेत तर शब्दही नको म्हणून करंगळी वर करण्याची पद्धत आली. हे सारे मनात येण्याचे निमित्त मात्र एका कुत्रीचे झाले.

मेहकरला आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. अंगण नाही. अशा घरात अडीच महिन्यांचे गावठी पिल्लू आले, तेव्हा पहिला प्रश्न भाकरीचा नव्हता. तिला ‘जायचे आहे’ हे कळणार कसे, हा होता. वाड्यात वा मळ्यात वाढणाऱ्या कुत्र्याला हा प्रश्नच नसतो. दार बंद झाले की खुणेची गरज निर्माण होते.

रीत सोपी आहे, पण चिकाटीची आहे. पोळ्याच्या बाजारात बैलांसाठी मिळते तसले एक घुंगरू आणून ते दाराच्या कडीला, चिंगीच्या नाकाच्या उंचीवर बांधले. दर वेळी खाली नेण्याआधी घुंगरू तिच्या नाकाशी धरायचे. तिने नाक लावून ते वाजवले की भाकरीचा तुकडा द्यायचा आणि लगेच दार उघडायचे. खाली नेहमीच्या एकाच जागी उभे राहायचे, आणि काम झाले की तिथल्या तिथे पुन्हा शाबासकी. झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने आणि खेळून झाल्यावर न चुकता न्यायचे. पिल्लाला जितके महिने, साधारण तितके तास ते थांबू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. घरात ओले झालेच तर मुकाट्याने पुसून टाकायचे. वास उरला तर ती जागा पुन्हा बोलावते. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे, कोणी न सांगता, घुंगरू वाजले. पुढे ती नुसत्या शेळ्या पाहण्यासाठीही वाजवू लागली. त्यावर उपाय एवढाच, की घुंगरू वाजले की पट्टा लावून त्या ठरल्या जागीच न्यायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि परत यायचे. शब्दाचा अर्थ असा वापरातूनच पक्का होतो.

ही पाव्हलॉव्हची घंटा नव्हे. पाव्हलॉव्हच्या प्रयोगांत इशारा माणूस देत असे आणि कुत्र्याला लाळ सुटे. इथे इशारा कुत्रीचा आणि हालचाल आमची. आपल्या कृतीच्या फळावरून कृती दृढ होते, हे स्किनरचे सूत्र याच्या अधिक जवळचे. पण तेवढ्यानेही सगळे सांगून होत नाही. घुंगरू वाजवून चिंगी दाराकडे पाहत नाही, माझ्या तोंडाकडे पाहते. हंगेरीतील आडाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, न सुटणारी अडचण समोर आली तेव्हा कुत्री माणसाकडे वळून पाहत होती. माणसांनी वाढवलेले लांडगे मात्र स्वतःच झटत राहिले. कुत्र्याचे वेगळेपण खूण करण्यात जितके, तितकेच ती कोणाला तरी करण्यात आहे.

भाषाविज्ञान शिकवताना सोस्यूरचा यादृच्छिकतेचा सिद्धांत येतो. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते निसर्गदत्त नसते, संकेताने ठरलेले असते. घुंगराच्या आवाजात ‘मला जायचे आहे’ असे काही नाही. बैलाच्या गळ्यात तो सणाचा असतो, पायात बांधला तर नाचाचा. आमच्या दारात त्याचा अर्थ आम्ही दोघींनी मिळून केला. ‘मिळून’ हा शब्द महत्त्वाचा. घुंगरू वाजल्यावर चार वेळा दार उघडले नसते, तर त्याला अर्थ उरला नसता. खुणेचे एक टोक सांगणाऱ्याकडे असते आणि दुसरे उघडणाऱ्याकडे. याच गावी आयुष्य काढलेल्या ना. घ. देशपांडे यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या शीर्षकातला ‘गाठ’ हा शब्द मला आता वेगळा ऐकू येतो.

पिल्लाने घर ओले केले की त्याचे नाक त्यात घासायचे आणि दोन रट्टे द्यायचे, ही आपल्याकडची जुनी शिक्षा. त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर जाऊ नये. मग ते पलंगाखाली लपून जाते. महाभारताच्या आदिपर्वात सरमा नावाच्या देवशुनीची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रात तिच्या पिल्लाला राजाच्या भावांनी मारले. हविर्द्रव्याला तोंड लावले नसताना माझ्या मुलाला का मारले, असे तिने विचारले. कोणीही उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला, की नकळत तुमच्यावर भय येईल. मारण्याइतकेच ते मौनही शापाला कारण झाले असावे, असे मला वाटते.

चिंगीचे कौतुक चालू असताना सासूबाई एकदा म्हणाल्या, “कुत्रीनं घुंगरू वाजवलं का तुमी दार उघडता. आमाले त अंधाराचीच वाट पाहा लागे.” त्यांच्या तरुणपणी गावाबाहेरची हागणदारी हीच सोय. पहाटे उजाडण्यापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर बायका जात. रस्त्यावर मोटारीचा उजेड पडला की अर्धवट उठून उभ्या राहत. त्या बोलल्या त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. खूण त्यांच्या देहाने रोज केली होती. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हते.

हा काळ सरला असे म्हणवत नाही. डोणगाव, जानेफळकडून एसटीने शिकायला येणाऱ्या मुली सकाळी निघतात आणि दुपार कलल्यावर घरी पोचतात. ‘पाणी का पीत नाहीस?’ असे विचारले तर त्या हसतात. हे हसूही एक खूणच आहे. स्वच्छ जागा नाही, दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, एवढा मजकूर त्यात आहे. पाणी न पिणे आणि रोखून धरणे यांतून मूत्रमार्गाचे आजार जडतात, हे त्यांनाही ठाऊक असते. देह बोलू नये म्हणून त्या देहालाच तहानलेला ठेवतात.

कायद्याने दखल घेतलेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह बंधनकारक केले. मुंबईत २०११ पासून कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी केली. ज्या सोयीसाठी पुरुषांना पैसे पडत नव्हते तिच्यासाठी बायकांकडून ते घेतले जात होते. विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या नावाने लढवलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश दिले. एका मराठी मासिकाचे नाव या निकालावर आहे, याचा मराठीच्या शिक्षकाला अभिमान वाटावा. त्या चळवळीचे नाव मात्र इंग्रजीतच राहिले. ‘मुतण्याचा हक्क’ असे म्हणायला आपली जीभ अजून अडखळते, आणि जी गोष्ट मोठ्याने म्हणता येत नाही ती अंदाजपत्रकात मागताही येत नाही.

मुक्या प्राण्याला खूण शिकवली, असे आपण म्हणतो. खरे तर शिकवणे सोपे होते. तीन आठवडे पुरले. पहाटे पाचला, थंडीत, अंथरूण सोडून प्रत्येक वेळी दार उघडणे हा त्यातला अवघड भाग. त्या मुलींना बोलायला शिकवा, त्यांचा संकोच घालवा, असे व्याख्यानांतून नेहमी सांगितले जाते. संकोच आहेच. पण उघडणारे दार समोर असेल, तर करंगळीही पुरते.